चिकटवलेली दोन पानं

वाचनालयातल्या ताईंनी कपाटामागून पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं तेव्हा त्या जरा अवघडल्या होत्या. "हे असं परत आलंय बघा. कुणी केलं ते कळायला मार्ग नाही, चार-पाच मुलांकडे फिरून आलंय." पुस्तक माझंच. 32 पानी, मधोमध दोन पिना, कोपरे हाताळून मऊ पडलेले, मुखपृष्ठावर हळदीच्या बोटाचा ठसा. लिहिणाऱ्याचा जीव सुखावा असंच सगळं. पण मधली दोन पानं, 16 आणि 17, सेलोटेप लावून बंद करून टाकली होती. फाटलं म्हणून लावलेली पट्टी लगेच ओळखू येते, ही तसली नव्हती. वरच्या कडेला एक, खालच्या कडेला एक आणि उघडणाऱ्या बाजूला तीन, अशा पाच पट्ट्या पान 15 वरून 18 वर वळवून दाबून बसवलेल्या. पावसाळ्याआधी आपण पापडाच्या डब्याचं झाकण बंद करतो, तितक्या निगुतीने. ताई म्हणाल्या, "ब्लेडने सोडवू का?" मी म्हटलं, "राहू द्या, मी घरी नेते." त्यांनी रजिस्टरवर माझी सही घेतली आणि पंधरा दिवसांच्या मुदतीवर मी माझंच पुस्तक घरी आणलं.

आठ दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं.

त्या पानांत काय आहे ते मला डोळे मिटूनही दिसतं. ती गोष्ट माझ्या आजोळची आहे. संगमेश्वर तालुक्यातलं कौलारू घर, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर आणि माजघरावर माळा. मे महिन्यात आम्ही मामे-मावसभावंडं माजघरात ओळीने झोपायचो. मी नऊ वर्षांची असेन. एका रात्री जाग आली ती वासाने. आंबेमोहोर शिजल्याचा वास. पातेल्यावरचं झाकण तिरकं करून पेज वेळताना जसा गरम, गोडसर वास नाकात शिरतो, अगदी तसा. क्षणभर वाटलं, उजाडलं. मग लक्षात आलं की बाहेर मिट्ट काळोख आहे, रातकिडे चालू आहेत आणि स्वयंपाकघरात काही म्हणजे काही हालचाल नाही. वास वरून येत होता, माळ्यावरून. तिथे नारळांचा ढीग, जुना पाळणा, मोडका रहाट आणि लग्नकार्यातली पितळी भांडी होती. चूल नव्हती. मी आजीला हलवलं. ती कुशीवर वळत एवढंच म्हणाली, "झोप गो. येतो तो वास कधी कधी. आपण विचारू नये." त्या 'विचारू नये'ने माझी झोप जी उडाली ती उडालीच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मामेभावाने पुढचं पुरवलं. म्हणे पणजीच्या काळी घरात स्वयंपाकाला एक बाई होती. साऱ्या घराला रांधून वाढायची, पण तिच्या ताटात पोटभर भात कधी पडला नाही. ती गेली, पण अजून रात्रीची येऊन स्वतःपुरता भात शिजवते. ऐकताना घाबरले होतेच, पण रात्री जेवताना माझ्या ताटातला भात माझ्याने संपवला गेला नाही. थोडा ठेवला. कुणासाठी ते सांगितलं नाही.

उलगडा व्हायला दहा-बारा वर्षं गेली. कॉलेजात असताना आजोळी गेले होते, तोच वास आला आणि या खेपेला मी मामाला उठवलं. मामाने बॅटरी घेतली, शिडी लावली आणि मला पुढे घातलं. वाशावर लांब शेपटीचा एक काळपट प्राणी पोट टेकून बसला होता आणि बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे पेटल्यासारखे दिसत होते. उदमांजर. गावात काही जण कांडेचोरही म्हणतात. शेपटीखालच्या ग्रंथींतून त्याचा जो वास सुटतो तो सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा असतो. बंगालीत तर या प्राण्याचं नावच गंधगोकुळ. मामा खालून म्हणाला, "बघितलंस ना? ही तुमची भात शिजवणारी." मला हसू आलं, सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी पोटात काहीतरी खचलंही. त्या उपाशी बाईला आता घरात जागा उरली नव्हती.

या दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या म्हणून मी मुलांसाठी भुताच्या रहस्यकथा लिहायला लागले, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

माळ्याची गोष्ट लिहायला घेतली तेव्हा मजकूर आठवड्यात झाला. पान 16-17 ला मात्र चार महिने लागले. चित्रं काढणारी माझी मैत्रीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मुलाची दोन बोटं पानाच्या कोपऱ्यावर आली ना, की तेवढाच वेळ आपल्या हातात." तेव्हापासून मी सगळी पुस्तकं त्या कोपऱ्यावरून वाचायला शिकले. आपली पुस्तकं डावीकडून उजवीकडे उलगडतात. म्हणजे पाऊल वाजायचं ते उजव्या, विषम आकड्याच्या पानावर, अगदी खालच्या ओळीत. आणि जे दिसायचं ते पान उलटल्यावर, डावीकडे. हे एका पानाने जरी चुकलं तरी प्रश्न आणि उत्तर समोरासमोर येतात, मुलाची नजर आधी चित्राकडे धावते आणि गोष्ट तिथेच मरते. म्हणून पान 15 च्या तळाशी मुलगी शिडीच्या शेवटच्या पायरीवर आहे आणि वाक्य असं आहे: 'तिने माळ्यात डोकं घातलं.' बस. पुढचं 16-17 वर, आणि तिथे शब्द एकही नाही. मी चार ओळी लिहिल्या होत्या. मैत्रिणीने त्या काढून टाकल्या, आम्ही दोन दिवस बोललो नाही, मग मी चित्र भिंतीला टेकवून लांबून बघितलं आणि मला ते पटलं.

हेच पान मधोमध यावं हाही तिचाच आग्रह. 32 पानी पिनांच्या पुस्तकात 16 आणि 17 ही एकाच कागदावर छापली जातात, म्हणून चित्र सलग राहतं. इतर ठिकाणी डावं अर्धं एका कागदावर, उजवं दुसऱ्यावर. घडी केसभर सरकली तरी चेहरा चिरतो. मग काळ्याचं दुखणं सुरू झालं. पहिला नमुना छापून आला तो जुन्या पाटीसारखा करडा. छापखान्यातल्या काकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या जागेत नुसता काळा उभा राहत नाही, ताई. त्याच्याखाली निळा द्या." निळ्याचा थर दिल्यावर तो काळोख खोल झाला, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असा. त्या काळोखात काचेच्या एका कौलातून चांदण्याचा चौकोन जमिनीवर पडलाय, चौकोनात एका लांब शेपटीची सावली आहे आणि वर वाशाशी दोन डोळे. ते डोळे रंगवलेले नाहीत. तिथे शाईच नाही, नुसता कोरा कागद आहे. छापून आल्यावर मीही ते पान रात्री एकटीने उघडलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, चिकटवलेलं तसंच ठेवून. पान 15 ला मुलगी माळ्यात डोकं घालते. पान उलटलं की थेट 18. कंदिलाचा पिवळा उजेड, उदमांजर आणि त्याला बिलगलेली तीन पिल्लं. गोष्ट कुठेही अडखळली नाही. वास होता, शोध होता, उलगडा होता. वाटलं, मग हे पान होतं कशाला? घाबरवायचं म्हणूनच घाबरवलं का मी? कुठल्या तरी घरात एक मूल उठलं असेल, खुर्चीवर चढून फळीवरचा टेप काढला असेल, दाताने तोडला असेल आणि माझा काळोख बंद करून टाकला असेल. त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलं असेल का ते? हे मनातून जाईना. कुकर लावताना, भाजी निवडताना तेच.

याला जुनं एक शल्यही आहे. एका गोष्टवाचनानंतर एक आई थांबली होती. आवाज न चढवता म्हणाली, "आपल्याकडे एवढं सगळं घडून गेल्यावर तुम्ही मुलांना भुतं कशाला दाखवता?" एवढं सगळं म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मी त्या आठवड्यात एका मुंजाच्या गोष्टीचं पाचवं पान लिहीत होते. वही मिटली ती दोन वर्षं उघडली नाही. भुताखेतांच्या नावावर माणसांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध आयुष्यभर उभा राहिलेला माणूस आपल्या गावात रस्त्यावर मारला जातो आणि आपण पिंपळावरचा मुंजा रंगवत बसायचं, हे हातून होईना. त्या आईला मी तेव्हा काहीच उत्तर देऊ शकले नाही.

उत्तर सापडलं ते दाभोलकरांच्याच चळवळीच्या एका आठवणीत. मी सातवीत असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे दोन कार्यकर्ते शाळेत आले होते. एकाने भगवी कफनी घातली, आमच्यासमोर विटांचं छोटं होमकुंड मांडलं, त्यात काडीकचरा रचला आणि म्हणाला, "काडेपेटी लागणार नाही. मंत्राने अग्नी आणतो." पळीने त्याने वरून 'तूप' सोडलं आणि मंत्र पुटपुटायला लागला. काहीच होईना. मागची मुलं कुजबुजायला लागली. त्याचा आवाज हळूहळू चढत गेला. आणि आम्ही 'लागत नाही' असं म्हणणार तेवढ्यात कुंडातून धूर आला आणि भप्पकन जाळ. साठ मुलांच्या तोंडून एकच श्वास सुटला. तो आवाज अजून कानात आहे. मग त्याने कफनी काढली आणि सांगितलं: काड्यांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड होती, तूप म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आल्यावर पेट घ्यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ भरून काढायला मंत्र. नंतर आमच्याच वर्गातल्या एका मुलीला पुढे बोलावून त्याने तिच्याकडून तो जाळ करवला. मिथिल ऑरेंज लावलेल्या सुरीने लिंबू कापून 'रक्त'ही काढलं. त्याने आम्हाला आधी उलगडा सांगितला असता तर तो रसायनशास्त्राचा तास झाला असता आणि मला आज त्यातलं एक अक्षर आठवलं नसतं. आधी त्याने आमचा श्वास अडकवला. भोंदू बाबा जिथे थांबतो तिथे तो थांबला नाही, एवढाच फरक, पण केवढा. मंत्र पुटपुटण्याचा तो वेळ म्हणजेच माझं पान 15. ती आई पुन्हा भेटली तर मी तिला हे होमकुंड सांगेन.

तरी सगळ्याचाच उलगडा करावा असं मला वाटत नाही, आणि सगळी भुतं वापरावीत असंही नाही. आपल्या भुतांना पत्ते असतात. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ शिवेवर, आणि चकवा ठरावीक माळावर, जिथे माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच बांधावर येतो. आजोळच्या कठडा नसलेल्या विहिरीवर आसरा होत्या म्हणून आमच्यातलं एकही पोर दुपारी तिकडे फिरकलं नाही. पांढरी चादर ओढून 'हू' करणाऱ्या परक्या भुताला मूल फार तर दचकतं, कारण ते कुठूनही येतं आणि कुठेही जातं. पत्ता माहीत असलेलं भूत सोबत राहतं. पण हडळ मी एकाही पुस्तकात आणली नाही, आणणारही नाही. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे हडळ. जिला वेळेवर सुईण मिळाली नाही, गाडी मिळाली नाही, तिचेच केस मोकळे सोडून, पाय उलटे करून आपण तिला वडाखाली उभं केलं आणि तिच्याच वयाच्या बायकांना तिची भीती घातली. भात शिजवणारी ती बाई मात्र मी पुस्तकातून काढली नाही. उदमांजर सापडल्यावर, अगदी शेवटच्या पानावर, मुलगी आजीला विचारते, 'पण ती स्वयंपाकीण खरंच होती?' आणि आजी म्हणते, 'होती.' एवढंच. काही पालकांना ते खटकलं. मुलांनी आजवर एकदाही विचारलं नाही की मग भूत खरं की खोटं. ती विचारतात, तिला भात का नाही द्यायचे?

आजोळच्या ओटीवर चांदोबाच्या जुन्या अंकांचा गठ्ठा असायचा. प्रत्येक अंकात वेताळाच्या गोष्टीच्या डोक्यावर शंकर यांनी काढलेलं ते चित्र. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, विक्रम चाललाय. शंकर 2020 मध्ये गेले, तेव्हा माझ्या वयाच्या किती जणांनी मनात तेच चित्र उघडलं असेल. मला ती गोष्ट फार आवडायची, कारण त्यातलं भूत स्वतःच कोडं घालायचं आणि घाबरलेल्या माणसाला विचार करायला लावायचं. पण चित्र बघवायचं नाही. अंक टाकून द्यायचा तर गोष्ट जाणार. म्हणून मी वेताळाच्या तोंडावर अंगठा ठेवून वाचायची. पान संपत आलं की अंगठा जरासा सरकवायचा, बघायचं, पुन्हा झाकायचं. घामाने तिथला कागद फुगून आला होता.

अकराव्या दिवशी रात्री टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि पट्ट्या सोडवायला बसले. ब्लेड हातात होतं, ते लागलंच नाही. पाचही पट्ट्यांची टोकं पान 18 च्या बाजूला आत दुमडलेली होती. टेपचं टोक पुन्हा सापडावं म्हणून आपण रिळावर दुमडून ठेवतो ना, तशी, नखाएवढी. त्या दुमडीला धरून ओढलं की पट्टी अलगद निघत होती. खाली गोधडीचा तंतू चिकटलेला, पेन्सिलीचा भुसा, एक बारीक केस. चिकटपणा जवळजवळ संपलेला. दोन पट्ट्यांखाली आणखी जुन्या पट्ट्यांच्या खुणा होत्या, कागदाचा पापुद्रा उचलला गेलेल्या. म्हणजे लावली, काढली, पुन्हा लावली, टेप मेला तेव्हा नवा आणला.

मग मी पान उघडलं. काळोख तसाच होता, काकांच्या निळ्यावर उभा असलेला. चांदण्याचा चौकोनही होता आणि शेपटीची सावलीही. फक्त वाशाजवळ, जिथे शाई नाही, तिथला कोरा कागद मळून करडा झाला होता आणि थोडा फुगला होता. दोन्ही डोळ्यांवर. माझं करंगळीचं पेर बसेल एवढे दोन गोल.

मी पट्ट्या परत होत्या तिथे लावल्या. तीन चिकटल्या, दोन चिकटेनात, त्यांच्या जागी नव्या लावल्या आणि त्यांची टोकं दुमडली. मुदतीच्या दोन दिवस आधी पुस्तक परत नेलं. ताईंनी ते मधोमध चाचपून बघितलं. म्हणाल्या, "सुटलं नाही वाटतं?"

"सुटतं," मी म्हटलं, "असंच राहू द्या," आणि रजिस्टरवर तारीख घातली.